तालुका वार्ताहरांसाठी नीतीची कार्यशाळा: ती कॉपीवरच घ्या

जिल्हा दैनिकाने वार्ताहरांसाठी कार्यशाळा ठरवली की आधी पाहुणे शोधले जातात. बाळशास्त्री जांभेकरांपासून सुरू झालेले भाषण जेवणापर्यंत चालते, आणि त्याच संध्याकाळी कुणीतरी पीडित मुलीच्या गावाचे नाव टाकून बातमी पाठवतो. भाषणे टाळा. सकाळपासून प्रत्येकाच्या हातात कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, आणि लाल पेन द्या.

पंधरापेक्षा जास्त माणसे घेऊ नका, आणि त्यात तीन-चार उपसंपादक हवेतच. वार्ताहराने जपून लिहिलेल्या बातमीला रात्री दहा वाजता डेस्कवर ‘मामानेच’ असा मथळा पडतो आणि सगळे उघडे होते. दोघे एका टेबलावर बसल्याशिवाय ही गळती थांबत नाही.

पहिला सराव पॉक्सोचा, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालील बातमीचा. दोन पानी काल्पनिक फिर्याद तयार करा. तिच्यात नाव, गाव, शाळा, घरची माणसे असा सगळा तपशील असू द्या. खरी फिर्याद वापरू नका. ती वर्गात वाटणे हेच उल्लंघन ठरेल. दोन गट करा, प्रत्येक गट म्हणजे वेगळे वृत्तपत्र. 25 मिनिटांत 150 शब्द लिहायला सांगा.

मग दोन्ही बातम्या शेजारी ठेवा. बहुतेक वेळा असे दिसते: पहिल्या गटाने गाव गाळले, पण लिहिले, ‘आईवडील ऊसतोडीला गेलेले, नववीत शिकणारी मुलगी आजीकडे राहते.’ दुसऱ्याने गाव दिले, बाकी सगळे गाळले. प्रत्येकाला आपली बातमी सुरक्षित वाटते. दीड हजार वस्तीच्या गावात दोन्ही अंक वाचणाऱ्याला मुलगी कोण हे विचारावेही लागत नाही. म्हणून तालुक्याच्या खाली जायचे नाही. इयत्ता, शाळा, पालकांचा व्यवसाय, घराचा फोटो यांपैकी काही नको. आरोपी नात्यातला असेल तर त्याचे नाव छापणे म्हणजे मुलीचीच ओळख छापणे. नाते सांगणे गरजेचे असेल तर नाव गाळा.

कायदा इथेच सांगा, आधी नको. पॉक्सोच्या कलम 23 मध्ये नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, परिसर हे सगळे येते. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. जबाबदारी मालक आणि प्रकाशकावरही येते. बलात्काराच्या इतर गुन्ह्यांत भारतीय न्याय संहितेचे कलम 72 लागते. ‘पोलिसांच्या प्रेसनोटमध्येच नाव होते’ आणि ‘आईवडिलांची हरकत नव्हती’ ही दोन उत्तरे वर्गात हमखास येतात. दोन्हींनी बचाव होत नाही. पीडिता मरण पावली तरी ओळख झाकायचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना प्रकरणात डिसेंबर 2018 मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षी जम्मूतल्या कठुआ येथील बालिकेवरील अत्याचार आणि खुनाच्या प्रकरणात ओळख उघड करणाऱ्या माध्यमसंस्थांना दिल्ली उच्च न्यायालयाने प्रत्येकी 10 लाख रुपये भरायला लावले.

दुसरा सराव मथळ्याचा. ‘कर्जाला कंटाळून शेतकऱ्याने संपविली जीवनयात्रा’ ही ओळ सगळ्यांना तोंडपाठ असते. फळ्यावर लिहा आणि तिच्यात काय चुकते ते विचारा. ‘कंटाळून’ म्हणजे एकच कारण, तेही आपण ठरवलेले. ‘संपविली जीवनयात्रा’ म्हणजे मृत्यूला चढवलेला साज. प्रेस कौन्सिलच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचना ठळक जागा, पद्धत, ठिकाणाचा तपशील, फोटो आणि भडक मथळा टाळायला सांगतात. मात्र याचा अर्थ शेतकरी आत्महत्येची बातमीच आतल्या पानावर दोन ओळींत गाडायची असा कुणी घेऊ नये. विदर्भ-मराठवाड्यात तो सार्वजनिक प्रश्न आहे. पीककर्ज कुठे अडले, विम्याचे पैसे का आले नाहीत, सावकार कोण, हे खोदून लिहा. मरण कसे आले ते गाळा. शेवटी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक द्या.

दुसऱ्या बाजूबद्दल एकच नियम पुरतो. रात्री साडेनऊला फोन करून ‘संपर्क होऊ शकला नाही’ लिहिणे म्हणजे आरोप असलेल्याची बाजू विचारणे नव्हे. आरोप दुपारी हातात आला तर दुपारीच फोन, उत्तर नाही तर लेखी प्रश्नांचा मेसेज, आणि पाठवल्याची वेळ कॉपीखाली डेस्कसाठी नोंदवायची.

पैशांचा विषय मालक किंवा व्यवस्थापक खोलीत असतानाच काढा. वर्धापनदिन पुरवणीच्या जाहिरातींचे टार्गेट ज्याच्या डोक्यावर आहे, त्याला ‘पाकीट घेऊ नको’ एवढेच सांगणे अन्यायाचे आहे. ज्या कारखान्याकडून, नगरसेवकाकडून त्याने जाहिरात आणली, त्यांच्याविरुद्धची बातमी दुसऱ्याने करावी, अशी व्यवस्था त्याच दिवशी लिहून ठरवा. ते जमणार नसेल तर हे सत्र घेऊ नका. वार्ताहर पुढची सगळी सत्रे मनातून सोडून देतो.

महिन्याने कोणत्याही दहा बातम्या काढून तेच लाल पेन पुन्हा चालवा. छापील अंकाबरोबर पोर्टल, ई-पेपर आणि फेसबुक पोस्टही तपासा. बातमीतून नाव काढले तरी वेबपत्त्यात आणि फोटोच्या फाइलनावात ते बऱ्याचदा तसेच राहते. आणि अडचण रात्रीच येते, म्हणून एका वरिष्ठ उपसंपादकाचा नंबर सगळ्यांकडे असावा: तो अकरापर्यंत फोन उचलेल आणि खात्री नसेल तर बातमी एक दिवस थांबवण्याचा अधिकार त्याला असेल.