आधी पुस्तकाचं वय ओळखा, मग किंमत सांगा

जुन्या पुस्तकांच्या धंद्यात यायचंय, सुरुवात कशी करू, असं कुणी विचारलं की मी सांगतो, पहिले सहा महिने काही विकू नका. रद्दीच्या दुकानात जाऊन बसा आणि हाताला येईल ते पुस्तक उघडून बघा. मी हे केलं नव्हतं. दुसऱ्याच महिन्यात एक कथासंग्रह 'पहिली आवृत्ती' म्हणून नाशिकच्या एका निवृत्त शिक्षकांना विकला. आत १९५८ साल छापलेलं, म्हणून मी निर्धास्त. पाच दिवसांनी गुरुजींचा फोन आला. "अहो, प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड आहे. पिनकोड आले १९७२च्या ऑगस्टात. मग ही प्रत अठ्ठावनची कशी?" साल मूळ आवृत्तीचं होतं, प्रत पुनर्मुद्रणाची. मी पैसे टपालखर्चासकट परत केले. त्यांनी मात्र रागावण्याऐवजी तासभर फोनवर मला पुस्तक कसं पाहायचं ते शिकवलं. मला जे येतं त्याचा पाया तो तास आहे.

पुस्तकाचं वय ओळखायला छापील किंमत आधी बघायची. ती रुपये-आण्यांत असेल तर छपाई बहुतेक एप्रिल १९५७ च्या आधीची. 'नये पैसे' दिसले तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानची. साल शके असेल तर त्यात ७८ मिळवा. पुस्तक जानेवारी ते फाल्गुन या काळातलं असेल तर ७९. ९७८ ने सुरू होणारा तेरा आकडी आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) म्हणजे साधारण २००७ नंतरची प्रत, आत साल काहीही असो. 'घरांत', 'केलें' असे अनुस्वार दिसले की साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचं असावं असा अंदाज बांधता येतो. पण अंदाजच, कारण जुनं वळण न सोडणारे लेखकही होते. आणि पानाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवा. जुनी खिळ्यांची छपाई, म्हणजे धातूची अक्षरं जुळवून केलेली, बोटाला लागते.

दिवाळी अंकांचं गणित वेगळं. 'मनोरंजन'च्या १९०९ च्या अंकापासून ही परंपरा सुरू झाली, आणि संग्राहक कित्येकदा मजकुराइतकंच मुखपृष्ठासाठी अंक घेतात. दीनानाथ दलालांचं चित्र असेल तर विचारायलाच नको. म्हणून अंक घेताना मुखपृष्ठ जागेवर आहे ना, मधली रंगीत पानं कुणी कापून नेली नाहीत ना, ते मोजून बघा.

खरेदीसाठी पुण्यात अप्पा बळवंत चौकाचा परिसर, मुंबईत फ्लोरा फाउंटन आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचे फुटपाथ पायाखालून घाला. पण चांगला माल येतो तो घरांतून, आणि बहुतेक वेळा वाचणारं माणूस गेल्यावर. तिथे घाई करू नका. एका घरी काकूंनी सगळी कपाटं दाखवली आणि "किलोवर घेऊन जा" म्हणाल्या. मी पाठ्यपुस्तकं, मासिकं किलोवर घेतली आणि बाकी एकेक पुस्तक वेगळं काढून त्याचा भाव सांगितला. त्यांना वजनाच्या भावापेक्षा बरेच जास्त पैसे मिळाले. मलाही फायदाच झाला, कारण पुढे त्यांच्याच ओळखीतून तीन घरं मिळाली. प्रत्येक पुस्तक झटकून बघा. पत्रं, फोटो, पावत्या निघतात. त्या घरच्यांच्या हातात द्यायच्या.

ग्रंथालयाचा शिक्का असेल आणि पुस्तक बाद केल्याची खूण नसेल, तर मी ते घेत नाही. हस्तलिखित पोथ्यांपासून तर नवख्यांनी लांबच राहावं. पंचाहत्तर वर्षांहून जुनी, महत्त्वाची हस्तलिखितं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो आणि परदेशी पाठवता येत नाहीत.

दुरुस्तीला सेलोटेप कधीही लावू नका, काही वर्षांत तो पिवळा पडून कागद खातो. वाळवी लागलेलं पुस्तक इतरांपासून त्याच दिवशी वेगळं काढा.

विक्रीचं वर्णन मी असं लिहितो: 'दुसरी आवृत्ती, १९६६. कापडी बांधणी, वेष्टन नाही. पृष्ठ ४१-४२ खालून फाटलेलं, मजकूर शाबूत. पहिल्या पानावर शाईने नाव. वाळवी नाही.' सोबत फाटलेल्या पानाचा फोटो, तोही उजेडात काढलेला. असं लिहिल्यावर दोन गिऱ्हाईकं कमी येतात. पण गुरुजींच्या त्या फोननंतर माझं एकही पार्सल परत आलेलं नाही.