सगळ्यात भारी रनिंग बॅक कोण? वाद घालताना या चुका टाळा

एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, बघणारे चार जण जमले की सगळ्यात भारी रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा खेळाडू) कोण हा विषय निघतोच आणि दहा मिनिटांत गाडी त्याच त्या जागी येऊन रुतते. एक म्हणतो एमिट स्मिथ, कारण बॉल घेऊन पळत पार केलेले सगळ्यात जास्त यार्ड त्याचे. दुसरा म्हणतो बॅरी सँडर्स, कारण तसं पळताना कोणी दिसलंच नाही. तिसरा जिम ब्राउनचं नाव काढतो आणि बाकीचे लगेच म्हणतात, तो काळच वेगळा होता. मीसुद्धा बरीच वर्षं असाच भांडलोय, आणि आता कळतं की तिघं तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात, मूळ प्रश्न काय ते कोणी ठरवलेलंच नसतं.

एकूण यार्ड दाखवून विषय संपवणं

ही सगळ्यात जास्त होणारी चूक. एमिटचे १८,३५५ यार्ड आहेत, आजही कोणी त्याच्या पुढे नाही, पण ते १५ सीझन आणि २२६ मॅचमधले आहेत. जिम ब्राउनचे १२,३१२ यार्ड फक्त ११८ मॅचमधले. तो १९५७ला क्लीव्हलँड ब्राउन्समध्ये आला तेव्हा सीझनच १२ मॅचचा असायचा, १९६१ पासून १४ झाल्या, १९७८ला १६ आणि २०२१ पासून १७. म्हणजे ब्राउनने नऊ वर्षांत एकही मॅच चुकवली नाही तरी त्याच्या वाट्याला ११८च आल्या. दर मॅचला बघितलं तर ब्राउन १०४ यार्ड, सँडर्स जवळजवळ १००, वॉल्टर पेटन ८८, एमिट ८१. सचिनचे १५,९२१ कसोटी रन आणि ब्रॅडमनची ९९.९४ची सरासरी, दोन्हीला आपण मान देतो पण एकाच तराजूत टाकत नाही, इथेही तेच करा.

पण लगेच उलट्या टोकाला जाऊन सरासरी म्हणजेच सगळं असंही धरू नका. ब्राउन १९६६ला, तिशीत, फॉर्म जोरात असताना निघून गेला. सँडर्सने १९९९ला सोडलं तेव्हा पेटनचा एकूण यार्डचा विक्रम फक्त १,४५७ यार्ड लांब होता, त्याच्यासाठी एका सीझनचं काम. दोघांच्या आकड्यांत उतरती वर्षं आलीच नाहीत. एमिट मात्र शेवटची दोन वर्षं अॅरिझोनात खेळला आणि तिथे सरासरी घसरली. जास्त काळ टिकला म्हणून त्याला शिक्षा का द्यायची?

एका सीझनच्या विक्रमातही हाच घोळ होतो. एरिक डिकरसनचे १९८४चे २,१०५ यार्ड अजून सगळ्यात जास्त आहेत, १६ मॅचमध्ये. ओ. जे. सिम्पसनचे १९७३चे २,००३ हे १४ मॅचमध्ये, म्हणजे दर मॅचला १४३. आणि २०२४ला सेक्वॉन बार्कली २,००५ वर होता, विक्रम मोडायला १०१ हवे होते, १७वी मॅच शिल्लक होती, पण प्लेऑफमधली जागा पक्की झालेली म्हणून त्याच्या टीमने, ईगल्सने, त्याला बसवलं. पुढे ते सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकले, त्यामुळे निर्णय बरोबरच होता असं मला वाटतं.

"त्याची लाइनच भारी होती"

एमिटला पाडायचं असलं की हे वाक्य हमखास येतं. त्याच्या टीमची, डॅलसची, ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे समोरच्यांना अडवून त्याला वाट करून देणारे, जबरदस्त होती, पुढे फुलबॅक डॅरिल जॉन्स्टन रस्ता मोकळा करायला, हे सगळं खरं. पण १९९३ची सुरुवात आठवा. कॉन्ट्रॅक्टच्या वादामुळे एमिट पहिल्या दोन मॅच खेळलाच नाही, लाइन तीच, पास फेकणारा क्वार्टरबॅक ट्रॉय एकमन तोच, आणि डॅलस दोन्ही हरले. मग तो परत आला, उरलेल्या १४ मॅचमध्ये १,४८६ यार्ड काढून लीगमध्ये पहिला आला आणि टीमने सुपर बोल जिंकला.

त्याच सीझनची प्लेऑफआधीची शेवटची मॅच, २ जानेवारी १९९४, इथे न्यू जर्सीत जुन्या जायंट्स स्टेडियमवर. जो जिंकेल तो डिव्हिजन जिंकणार. पहिल्या हाफमध्ये एक लांब पळ काढून एमिट कडक टर्फवर उजव्या खांद्यावर आपटला आणि खांदा निखळला. त्यानंतर त्याने बाहेर बसायला हवं होतं, पण तो हात अंगाशी धरून खेळत राहिला, हडलमधून (प्लेआधीच्या टीमच्या घोळक्यातून) उठताना वेदना दिसायची आणि पुढच्याच प्लेला बॉल परत त्याच्याकडे. दिवसभरात ३२ कॅरी (बॉल घेऊन पळणं), १६८ यार्ड, वर १० कॅच आणि ६१ यार्ड. ओव्हरटाइममध्ये डॅलस १६-१३ने जिंकले. लाइनने भोकं पाडून दिली हे मान्य, पण तो खांदा लाइनचा नव्हता.

हायलाइट बघून निकाल देणं

सँडर्सचे व्हिडिओ मी कितीही वेळा बघू शकतो. पाच फूट आठ इंचांचा माणूस, तीन जण अंगावर आलेत, तो एका पायावर जागच्या जागी वळतो आणि ते तिघं एकमेकांवर. पण ज्या प्लेला तो वळला आणि मागेच पकडला गेला त्या व्हिडिओत नसतात. १९९४च्या सीझनमध्ये त्याने १,८८३ यार्ड काढले, दर कॅरीला ५.७, आणि त्याच सीझनच्या प्लेऑफमध्ये ग्रीन बेविरुद्ध १३ कॅरीत उणे १. दोन्ही आकडे त्याच माणसाचे, म्हणून दोन्ही समोर ठेवून बोला.

त्याच वेळी त्याच्या टीमने, लायन्सनी, काही जिंकलं नाही म्हणून सँडर्स छोटा असंही करू नका. १९९७ला पहिल्या दोन मॅचमध्ये मिळून फक्त ५३ यार्ड, मग सलग १४ मॅच शंभरच्या वर आणि सीझन संपला २,०५३ वर. ५३ जणांच्या टीमचं अपयश एका रनिंग बॅकच्या खात्यावर टाकता येत नाही.

"आज असता तर चिरडला गेला असता"

ब्राउन २३२ पौंडांचा होता, त्या काळात बरेच डिफेन्सवालेही तेवढेच. पण त्याला आजचा व्यायाम, आहार दिला तर काय झालं असतं हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही, म्हणून हा वाद सोडून द्या आणि त्याच्याच काळातल्यांशी तुलना करा. नऊपैकी आठ सीझन तो लीगमध्ये पहिला होता, फक्त १९६२ला ग्रीन बेचा जिम टेलर पुढे गेला. आपल्या जमान्यावर इतकं वर्चस्व दुसऱ्या कुठल्या रनिंग बॅकचं नाही.

फक्त पळणं मोजणं

मला सगळ्यात जास्त खटकते ती हीच चूक. रनिंग बॅकचं अर्धं काम बॉल हातात नसताना असतं. क्वार्टरबॅक मागे सरकला, ब्लिट्झ करत, म्हणजे थेट त्याच्यावर धावून, समोरचा लाइनबॅकर सुसाट आला, त्याला छातीवर कोण घेणार? मार्शल फॉकने १९९९ला १,३८१ यार्ड पळून आणि १,०४८ यार्ड कॅच घेऊन काढले, नुसती पळण्याची यादी बघितली तर हा सीझन तुम्हाला साधाच वाटेल.

आणि गेल सेयर्स फक्त ६८ मॅच खेळला, टेरेल डेव्हिस ७८, तरी दोघं हॉल ऑफ फेममध्ये आहेत, त्यामुळे "कमी खेळला" म्हणून कोणाला यादीबाहेर काढण्याआधी थांबा.

वाद अडलाच तर सरळ विचारा, आपण सर्वोच्च काळ मोजतोय, पूर्ण करिअर मोजतोय, की एका टीमसाठी एक माणूस निवडतोय? पहिल्याला माझं उत्तर ब्राउन, दुसऱ्यावर एमिटसाठी मी भांडायला तयार आहे, आणि तिसऱ्याला वॉल्टर पेटन, त्यात मला शंका नाही. १३ सीझनमध्ये एकच मॅच चुकली, तीही पहिल्या वर्षी. १६,७२६ यार्ड, ४९२ कॅच, आठ टचडाउन पास स्वतः फेकलेले, आणि ब्लॉक करायला दोनशे पौंडांचा हा माणूस स्वतःहून पुढे जायचा. २० नोव्हेंबर १९७७ला मिनेसोटाविरुद्ध तो फ्लूने आजारी असताना उतरला, त्याच्या टीमने, बेअर्सनी, ४० वेळा बॉल त्याच्याच हातात दिला, त्याने २७५ यार्ड काढले, तेव्हाचा विक्रम, आणि तेवढं करूनही मॅच जेमतेम १०-७ने सुटली.