गावात हिरोशिमा दिन कसा करावा

हिरोशिमा दिनाचा कार्यक्रम सकाळचाच ठेवा. ६ ऑगस्ट १९४५ ला जपानच्या या शहरावर अणुबॉम्ब पडला तो सव्वाआठला, माणसं कामाला लागत असताना. जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढं आहे, त्यामुळं नेमका तोच क्षण गाठायचा तर पहाटे पावणेपाचला जमावं लागेल. तो हट्ट नको, आपल्या घड्याळातले सव्वाआठ धरा. त्या दिवशी सकाळची शाळा मिळावी म्हणून मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवा.

मी कोरेगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक भावकीत कुणीतरी फौजेत असतंच. माझे वडीलही सुभेदार होऊन पेन्शनीवर आले. आपल्या सातारा जिल्ह्यात तर अपशिंगे गावाच्या नावापुढंच ‘मिलिटरी’ लागतं. इथं अण्वस्त्रमुक्तीचा विषय काढला की ‘हे फौजेच्या विरोधात चाललंय का?’ असं कुणाच्या तरी मनात येणारच. म्हणून माझा पहिला आग्रह असा, की माजी सैनिकांना बोलायला बोलवा, नुसत्या सत्काराला नको. त्यांनी काय बोलायचं ते पुढं सांगते.

सामान थोडकंच लागतं. मैदान आखायची फक्की, एक खुंटी, सतरा-अठरा मीटर सुतळी आणि पुठ्ठ्याच्या पाट्या. एक मीटर म्हणजे शंभर मीटर असं प्रमाण धरा. मैदानाच्या मधोमध खुंटी ठोका, सुतळीला सोळा मीटरवर गाठ मारा आणि वर्तुळ आखा. हिरोशिमात साधारण १.६ किलोमीटरपर्यंत जवळजवळ सगळी घरं जमीनदोस्त झाली, ते हे वर्तुळ. आग त्याच्याही पलीकडं गेली. शहराचा सुमारे ११ चौरस किलोमीटर भाग जळाला.

आता त्यात गाव मांडा. खुंटी म्हणजे एसटी स्टँड समजा. शाळा, दूध डेअरी, सोसायटी, मारुतीचं देऊळ, प्राथमिक आरोग्य केंद्र अशा पाट्या करा, आणि अंतरं मुलांनाच मोबाइलच्या नकाशावर मोजू द्या. बहुतेक गावं अख्खी आत बसतात. पाट्या लागल्या की मुलं आपोआप आपापल्या घराच्या जागी जाऊन उभी राहतात आणि बाहेर कोण उरलं ते बघू लागतात. आमच्याकडे मळ्यातल्या वस्तीवरची पोरं तेवढी बाहेर राहिली. त्यातल्या एकीनं आतल्या मैत्रिणीला हात केला, ‘ये की गं इकडं.’ असं काही घडलं तर लगेच समजावून सांगायची घाई करू नका. मुलांना आपसात बोलू द्या.

मग उंची दाखवा. बॉम्ब जमिनीवर आदळला नव्हता. धक्का लांबवर पसरावा म्हणून तो सुमारे ६०० मीटर उंचीवर फोडला होता. आपल्या प्रमाणात ते सहा मीटर होतात, म्हणजे दुमजली शाळेची गच्ची. गच्चीवर एका शिक्षकांना झेंडी घेऊन उभं करा, म्हणजे मुलांच्या माना वर होतात आणि आकडा डोक्यात बसतो. निशाणा होता आयोई पूल, पण बॉम्ब पाव किलोमीटरभर सरकून शिमा नावाच्या रुग्णालयावर फुटला.

आरोग्य केंद्राच्या पाटीपाशी जास्त वेळ थांबा. हिरोशिमातल्या डॉक्टर आणि नर्स यांच्यापैकी ९० टक्क्यांहून जास्त जण मेले किंवा जखमी झाले. हे सांगून झाल्यावर आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना किंवा आशाताईंना दोनच गोष्टी विचारा. भाजलेल्या माणसासाठी आपल्याकडे खाटा किती, आणि तो हाताबाहेरचा असेल तर पाठवता कुठं? त्या खरं ते सांगतात. त्यानंतर वर्षअखेरपर्यंतच्या मृत्यूंचे आकडे सांगा: हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि तीन दिवसांनी बॉम्ब पडलेल्या नागासाकीत सुमारे ७४ हजार. आधी आकडे आणि मग मैदान असा क्रम ठेवलात तर मुलं आकडे वहीत उतरवून मोकळी होतात.

शेवटी वर्तुळाच्या कडेवर एका मुलीला उभं करा आणि सादाको सासाकीची गोष्ट सांगा. त्या दिवशी ती दोन वर्षांची होती आणि साधारण एवढ्याच अंतरावर होती. अंगावर जखम दिसली नाही, पण पुढं रक्ताचा कर्करोग झाला आणि २५ ऑक्टोबर १९५५ ला, बाराव्या वर्षी ती गेली. दवाखान्यात ती कागदाला घड्या घालून करकोचे पक्षी करायची, औषधाच्या वेष्टनांचेसुद्धा. करकोचे तुम्हीही जरूर करा, पण कार्यक्रम त्यावर संपवू नका. सातवीच्या खालच्या मुलांना वर्तुळात आणू नका, आणि भाजलेल्या माणसांचे फोटो कुणालाच दाखवू नका.

पाटण-जावळीकडं ऑगस्टात पावसामुळं मैदान मिळणं अवघडच. तिथं हॉलमध्ये एक मीटर म्हणजे एक किलोमीटर धरून खडूनं १.६ मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. कृष्णाकाठच्या सांगलीकरांनी तर २०१९ च्या ऑगस्टातला महापूर आठवावा आणि २६ सप्टेंबर धरावा. तो संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला अण्वस्त्र निर्मूलनाचा दिवस आहे. त्याच तारखेची, १९८३ सालची गोष्ट माजी सैनिकांनी सांगायची आहे.

सोव्हिएत लष्करातले लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव त्या रात्री ड्युटीवर होते. उपग्रहाची यंत्रणा सांगत होती, अमेरिकेतून क्षेपणास्त्र सुटलंय. मग एकूण पाच दिसायला लागली. खरा हल्ला असता तर पाचच कशाला सोडतील, असा विचार करून त्यांनी वर कळवलं की हा खोटा इशारा आहे. तो खोटाच निघाला. हे माझ्या तोंडून ऐकणं वेगळं आणि सीमेवर रात्रपाळी केलेल्या सुभेदारांच्या तोंडून ऐकणं वेगळं. ड्युटीवरचा एक माणूस चुकला असता तर काय झालं असतं, ते त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

करारांचा भाग फळ्यावर पंधरा मिनिटांत उरका. १९७० पासून लागू असलेल्या अण्वस्त्र प्रसारबंदी करारात बाकीच्यांनी बॉम्ब करायचे नाहीत आणि पाच अण्वस्त्रधारी देशांनी निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी करायच्या, असं ठरलं. हा करार भेदभावाचा आहे म्हणून भारतानं सही केली नाही. २०१७ मध्ये १२२ देशांनी अण्वस्त्रांवर सरसकट बंदी घालणारा करार मंजूर केला आणि तो २२ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. अण्वस्त्रं असलेल्या नऊ देशांपैकी एकही त्यात नाही, आपणही नाही. हे लपवू नका. त्यासोबत दुसरा आकडाही सांगा. १९८६ च्या सुमारास जगात ७० हजारांच्या आसपास अण्वस्त्रं होती, आता सुमारे १२ हजार आहेत. दक्षिण आफ्रिकेनं तर स्वतः बनवलेले सहा बॉम्ब मोडून टाकले. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांची निहोन हिदांक्यो ही संघटना १९५६ पासून हेच मागत आली, आणि २०२४ चं शांततेचं नोबेल तिला मिळालं.

‘आपल्याकडे बॉम्ब आहे म्हणून तर शेजारी गप्प आहे,’ असं कुणीतरी म्हणणारच. त्यांना बोलू द्या, अडवू नका. मी एवढंच सांगते की एकट्या भारतानं टाकून द्यावेत असं आम्ही म्हणत नाही. सगळ्यांनी मिळून, ठरलेल्या मुदतीत, तपासणीसह टाकावेत ही मागणी भारताचीच आहे. अणुचाचण्या थांबवा असं नेहरूंनी एप्रिल १९५४ मध्ये संसदेत म्हटलं होतं. जून १९८८ मध्ये राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांपुढं २०१० पर्यंत सगळी अण्वस्त्रं संपवण्याचा आराखडा मांडला. आणि आपण प्रथम वापर करणार नाही, हे भारताचं जाहीर धोरण आहे.

आता ग्रामसभा. १५ ऑगस्टच्या सभेत ठराव घ्यायचा तर त्याची नोटीस आधी निघते. त्यामुळं विषयाचा अर्ज जुलैअखेरीसच ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) भाऊसाहेबांकडे द्या आणि पोच घ्या. मजकूर छोटा ठेवा: ‘भारत सरकारने अण्वस्त्रांचा प्रथम वापर न करण्याचे धोरण कायम ठेवावे आणि जगातील सर्व देशांची अण्वस्त्रे ठरावीक मुदतीत नष्ट व्हावीत यासाठी पुढाकार घ्यावा, अशी ही ग्रामसभा विनंती करते.’ सूचक म्हणून माजी सैनिक आणि अनुमोदक म्हणून बचत गटातल्या ताई असतील तर सभेत विरोध कमी होतो. इतिवृत्तात ठराव क्रमांक पडला की सही-शिक्क्याची नक्कल मागून घ्या. एक प्रत खासदारांना आणि एक परराष्ट्र मंत्रालयाला स्पीड पोस्टानं पाठवा. खासदारांची प्रत शक्यतो मुलांना सोबत नेऊन हातात द्या. उत्तर आलं तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. नाही आलं तर त्याच सभेत तसं सांगून स्मरणपत्रावर गावकऱ्यांच्या सह्या घ्या.