पार्लरचं काम नकोसं झालं होतं, त्यावर मला लागू पडलेला उपाय (माझा अनुभव)

लग्नसराई संपली तरी थकवा जाईना, क्लायंटचा फोन वाजला की छातीत धडधड, आयब्रो करताना समोरची बाई बोलतीये ते कानात शिरतच नाही, आणि चांगला ब्रायडल मेकअप जमला तरी काहीच वाटायचं नाही. सुट्टी घेऊन गावी जाऊन आले, व्हिटॅमिनच्या गोळ्या झाल्या, परत शटर उघडलं की तेच. रडूच यायचं.

फरक पडला तो या क्रमाने. आधी डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासलं, कारण तिथे गडबड असली तरी असाच थकवा येतो, रिपोर्ट नॉर्मल आले. मग आठवडाभर प्रत्येक कामानंतर वहीत लिहिलं की कशाने जास्त दमले. उत्तर कामात नव्हतंच, मधे श्वास घ्यायला जागा नव्हती! म्हणून वॉक-इन बंद, फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर बुकिंग, दोन क्लायंटमधे १५ मिनिटं रिकामी, ब्रायडलला अ‍ॅडव्हान्स घेतल्याशिवाय तारीख नाही, सोमवारी फोनसुद्धा बंद. थ्रेडिंगची खुर्ची उंच करून घेतली, मान वाकवायला लागत नाही (हे सगळ्यात आधी करा खरंतर).

काही क्लायंट तुटल्या, पण महिन्याभरात झोप लागायला लागली. डब्ल्यूएचओने २०१९ मधे बर्नआउट (असं कामाने पार थकून मन उडून जाणं) हा कामाच्या ताणातून येणारा प्रकार म्हणून नोंदवलाय, तेव्हा घरचे "नखरे" म्हणाले तरी ऐकू नका. आणि फारच निराश वाटत असेल तर टेली-मानस (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६ ला फोन करा, फुकट आहे, मराठीतही बोलतात.