इस्रायल मोहल्ला पाहायचा तर रविवारी सकाळी

इस्रायल मोहल्ला ही मुंबईतली ज्यूंची जुनी वस्ती. मशीद स्थानकावर पश्चिमेला उतरा आणि सॅम्युअल स्ट्रीट विचारत चला. इतर दिवशी हातगाड्यांच्या गर्दीत मान वर करून पाहायलाही उसंत मिळत नाही. सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली उभारलेलं 'शार हारहमीम' हे मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. बेने इस्रायली, म्हणजे इथले मराठी बोलणारे ज्यू, त्याला 'मशीद'च म्हणत. स्थानकाचं नाव त्यावरूनच पडलं, असं सांगतात. शुक्रवार संध्याकाळ ते शनिवारी अंधार पडेपर्यंत शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, तेव्हा बघे म्हणून जाऊ नका. मूळ ओळखपत्र न्या, पुरुषांनी डोकं झाकायला रुमाल ठेवावा, फोटो विचारूनच. आत शिरताना उजव्या चौकटीवरची मेझुझा जरूर पाहा: छोटीशी उभी डबी, आत चर्मपत्रावर हाताने लिहिलेली हिब्रू वचनं. तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या पश्चिमेच्या भिंतीत असतात, कारण इथून जेरुसलेम त्या दिशेला.