बॉल मारताना अंग वर उठतं? डोकं सोडा, खुबा पाहा

बॉल टॉप होऊन गवतावरून सरपटत गेला, की शेजारचा खेळाडू, सोबत आलेला मित्र, बॅग वाहणारा कॅडी, सगळे एकच सांगतात: ‘डोकं वर आलं.’ गोल्फ रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, तासभर थांबलात तर हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडतं, की ते खरंच वाटायला लागतं.

मी ते दोन वर्षं खरं मानलं. हनुवटी छातीत खुपसून क्लब, म्हणजे बॉल मारायची काठी, फिरवायचो. बॉल निघून गेल्यावरही जमिनीकडे पाहत राहायचो. बॉल टॉप व्हायचा तो होतच राहिला, वर मान दुखायला लागली. शेवटी एका वयस्क कॅडीकाकांनी माझी बॅग उचलून माझ्या मागे उभी केली, बुडाला जेमतेम टेकेल अशी, आणि म्हणाले, “आता बॉल न मारता क्लब वर न्या, आणि हळूहळू खाली आणा. बॅग सोडू नका.” क्लब वर नेला तेव्हा बॅग टेकलेली होती. खाली आणताना क्लब कमरेपर्यंत येतो न येतो, तोच माझ्यात आणि बॅगेत चार बोटांची फट पडली होती. “साहेब, डोक्याचं सोडा. तुमचं बूड पुढं येतंय.”

या चुकीला गोल्फमध्ये ‘अर्ली एक्स्टेन्शन’ म्हणतात. म्हणजे बॉल लागायच्या आधीच खुबे बॉलकडे सरकतात आणि वाकलेलं अंग सरळ होतं. हौशी खेळाडूंमध्ये ही फार सर्रास दिसते.

डोकं का उठतं, ते आत्ता घरात उभं राहून पाहता येईल. बॉलसमोर वाकतो तसं थोडं वाका, हात लोंबू द्या. आता फक्त खुबे थोडे पुढे ढकला. डोकं आपोआप वर आलं ना? ते यावंच लागतं. खुबे पुढे गेले आणि छाती तशीच वाकलेली राहिली, तर माणूस तोंडावर पडेल. शरीर तोल सांभाळतं आणि त्यासाठी छाती मागे-वर घेतं. ‘डोकं खाली’ या सल्ल्याने म्हणूनच काही साधत नाही.

गोल्फ बॉलचा व्यास नियमाप्रमाणे किमान ४२.६७ मिमी असतो, म्हणजे त्याचा मध्य जमिनीपासून जेमतेम दोन सेंटिमीटरवर. अंग तेवढं उचललं गेलं तरी क्लबची खालची कड बॉलच्या पोटावर लागते आणि बॉल टॉप होतो. हे एकच नुकसान नाही. खुबे पुढे आले की हातांना खाली यायला जागाच उरत नाही. मग क्लब बाहेर ढकलला जातो आणि बॉल क्लबच्या टाचेवर किंवा दांडीच्या सांध्यावर लागून शँक होतो, म्हणजे भलतीकडेच उडतो. ते टाळायला हात ऐनवेळी मनगट फिरवतात, आणि बॉल कधी सरळ उजवीकडे, कधी कडकडून डावीकडे जातो. एकाच चुकीतून दोन उलट दिशांचे फटके निघतात, त्यामुळे माणूस भलतीकडेच दुरुस्ती शोधत बसतो. (मी उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहितोय. डावखुऱ्यांनी डावं-उजवं बदलून घ्यावं.)

आधी खात्री करा

आपण उठतो की नाही, हे आपल्याला मारताना कळत नाही. डाउनस्विंग, म्हणजे क्लब वरून खाली बॉलपर्यंत आणणं, साधारण पाव सेकंदात संपतो. मोबाइल मात्र ते पकडतो. ज्या दिशेला मारायचंय त्याच्या बरोबर उलट बाजूला, तुमच्या हातांच्या रेषेत, दोन-तीन मीटरवर मोबाइल ठेवा. उंची कमरेएवढी. तो कुणाच्या हातात देऊ नका, हात हलला की सगळं वाया जातं. बाकावर किंवा ट्रायपॉडवर पक्का ठेवा आणि स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा. सात नंबरच्या आयर्नने (लोखंडी डोक्याच्या क्लबने) चार-पाच बॉल मारा.

मग व्हिडिओ बॉलसमोर उभं राहिलेल्या क्षणी थांबवा आणि कागदी चिकटपट्टीची सरळ कड स्क्रीनवर उभी लावा, बुडाच्या सगळ्यात मागच्या टोकाला टेकेल अशी. आता व्हिडिओ हळूहळू पुढे सरकवा. बॉल लागेपर्यंत बूड त्या कडेला चिकटून राहिलं तर तुमची चूक दुसरीच काहीतरी आहे. कड आणि बूड यांत फट दिसली तर पुढचं तुमच्यासाठी.

वाकणं पुन्हा शिका

माझ्या मते अर्ध्याहून अधिक दुरुस्ती इथेच आहे, बॉल मारायच्याही आधी. आपण ‘कमरेतून वाकतो’ असं म्हणतो आणि खरोखर कमरेतूनच वाकतो: पाठीला बाक येतो, खांदे पुढे पडतात, बूड आत जातं. गोल्फला हवं ते वाकणं खुब्यातून असतं. खुबा म्हणजे मांडीचं हाड जिथे कटिभागात बसतं तो सांधा. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असतात आणि घराचं दार बुडाने ढकलून लावायचं असतं, तेव्हा आपण जसं वाकतो, ते खुब्यातून वाकणं. पाठ सपाट, बूड मागे. चिखलात भातलावणी करणाऱ्या बाया तासन्‌तास याच सांध्यातून वाकलेल्या असतात.

हे पक्कं करायला झाडूची लांब दांडी किंवा क्लब घ्या. तो पाठीवर उभा धरा, म्हणजे डोक्याचा मागचा भाग, दोन्ही खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी दांडी टेकली पाहिजे. एक हात मानेमागे, दुसरा कमरेमागे, दांडी धरायला. आता बूड मागे नेत वाका. तिन्हींपैकी एकही स्पर्श सुटला की थांबा, सरळ व्हा, पुन्हा सुरू करा. सुरुवातीला माकडहाडाचा स्पर्श सुटतो आणि दांडी पाठीच्या मध्यावर टोचते. म्हणजे तुम्ही अजून कमरेतून वाकताय.

स्पर्श टिकवून वाकता आलं की गुडघे अगदी थोडे सैल करा. खुर्चीत बसल्यासारखे वाकवू नका. दांडी बाजूला ठेवा आणि हात खांद्यांतून सरळ लोंबू द्या. लोंबून जिथे येतील तिथेच क्लब धरायचा. क्लबच्या मुठीकडचं टोक आणि मांडी यांत आयर्नसाठी चार-पाच बोटं मावतील एवढं अंतर राहावं, ड्रायव्हरला, म्हणजे लांब फटक्याच्या सगळ्यात लांब क्लबला, थोडं जास्त. वजन बुटाच्या लेसच्या खाली, तळव्याच्या मध्यावर. ते नीट तपासा, कारण वजन टाचांवर घेऊन उभा राहणारा माणूस डाउनस्विंगमध्ये हमखास चवड्यांवर जातो आणि खुबे त्याच्याबरोबर पुढे येतात. बोटांवर उभा राहणारा तर आधीच निम्मा पुढे असतो.

उलटी अतीही करू नका. कुणीतरी ‘पाठ सरळ’ म्हटलं की काही जण कंबर इतकी आत घेतात, की पाठीला खोल खळगा पडतो. त्याने कंबर दुखते आणि पोटाचे स्नायू ढिले पडून अंग उठायला आणखी मोकळं होतं. दांडी आणि कंबर यांच्या मध्ये तळहात सरकवता यावा, मूठ नाही.

भिंतीशी सराव

यासाठी रेंज नको, क्लबही नको. भिंतीला पाठ करून उभे राहा, टाचा भिंतीपासून साधारण वीतभर पुढे. आत्ता शिकलात तसे खुब्यातून वाका, म्हणजे दोन्ही बाजूंचं बूड भिंतीला हलकंसं टेकेल. हात छातीवर आडवे घ्या.

आता बॅकस्विंगसारखं, म्हणजे क्लब मागे-वर नेताना वळतो तसं, उजवीकडे वळा. उजवं बूड भिंतीवर दाबलं जाईल आणि डावं सुटेल. इथे क्षणभर थांबा. डाउनस्विंगची सुरुवात करताना डावं बूड मागे नेऊन भिंतीला टेकवा. एक क्षण दोन्ही टेकलेली असतील, मग डावं दाबलं जाईल आणि उजवं सुटेल. बस, एवढंच. वर जाताना उजवं, खाली येताना डावं, आणि अधेमध्ये कधीच दोन्ही हवेत नाहीत.

पहिल्या दिवशी डावं बूड भिंतीला लागतच नाही. शरीर वळण्याऐवजी बॉलकडे धाव घेतं. जोर लावू नका. सावकाश, डोळे मिटून केलंत तर आणखी चांगलं, कारण मग सगळं लक्ष स्पर्शाकडे जातं. रोज सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस वेळा केलंत तरी पुरे. मी हे चहा उकळेपर्यंत स्वयंपाकघराच्या भिंतीशी करत असे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अंग वाकलेलंच राहिलं पाहिजे असं नाही. बॉल सुटल्यावर खुशाल उठा, उठलंच पाहिजे. चांगल्या खेळाडूंचा डावा पाय तर बॉल लागतानाच सरळ होतो, पण तो सरळ होताना डावा खुबा मागे ढकलतो, पुढे नाही. टायगर वूड्स यांच्या तरुणपणीच्या स्विंगमध्ये डावा गुडघा झटक्यात सरळ झालेला दिसतो. तो झटका मात्र उचलू नका. त्यांच्या त्याच गुडघ्यावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या आहेत, गोल्फची २००८ची यूएस ओपन स्पर्धा त्यांनी त्याच दुखऱ्या पायावर जिंकली. तुम्हा-आम्हाला खुबा मागे जाण्याशी मतलब, झटक्याशी नाही.

आता क्लब, मग बॉल

आठवडाभर भिंत झाली की रेंजवर जा. भिंतीच्या जागी स्वतःची बॅग उभी करा, बुडाला टेकेल अशी. ती पडली तरी चालते. कठडा किंवा खांब मात्र नको, क्लब आपटेल. नऊ नंबरचं आयर्न घ्या आणि क्लब कमरेपासून कमरेपर्यंतच फिरवा. तीन वेळा बॉलशिवाय, चौथ्यांदा बॉलवर. बॉल कुठे गेला ते पाहू नका. बॅगेला कुठलं बूड कधी लागलं, एवढंच आठवा.

पुढचं कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगून ठेवतो. चूक सुधारायला लागली की पहिले काही दिवस खेळ बिघडतो. इतके दिवस अंग वर उठायचं आणि हात ती भरपाई करायला खाली झेपावायचे. आता अंग उठत नाही, हात मात्र जुन्याच सवयीने खाली जातात. मग क्लब बॉलच्या मागे जमिनीत रुततो, फॅट फटके निघतात. बरेच जण इथेच घाबरून जुन्या स्विंगकडे परततात. परतू नका. रुतायला लागलात म्हणजे अंग खालीच राहिलंय. फटका आणखी छोटा करा, हात स्वतःच जुळवून घेतात. रेंजची चटई या बाबतीत फसवते, मागे आपटलेला क्लबही तिच्यावरून घसरून बॉलला लागतो. जमेल तेव्हा गवतावरून मारा.

कमरेपर्यंतचे दहापैकी सात-आठ फटके स्वच्छ लागायला लागले, की खांद्यापर्यंत जा. पूर्ण स्विंग सगळ्यात शेवटी. ड्रायव्हर तर त्याच्याही नंतर, कारण जोर लावायचा मोह तिथे सर्वांत मोठा असतो.

शरीर आडवं येत असेल तर

काहींना हे सगळं समजतं आणि तरीही जमत नाही. अशांनी अनवाणी होऊन, पाय खांद्याएवढे फाकवून उकिडवं बसून पाहावं. टाचा उचलल्या गेल्या किंवा मागे तोल गेला, तर घोटे किंवा खुबे आखडलेले आहेत. दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीत गेले की हे होतंच. उकिडवं बसायची आपली जुनी सवय या खेळाला फार उपयोगाची आहे. दाराची चौकट धरून रोज दोन-तीन मिनिटं बसत गेलात तर घोटे हळूहळू मोकळे होतात. गुडघेदुखी असेल तर हे करू नका. त्याऐवजी भिंतीसमोर एक पाऊल ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा, आणि जमेल तसं पाऊल मागे नेत जा. बुडाचे स्नायू दुबळे असतील तर सेतुबंधासन करा, दहा-बारा वेळा कंबर उचलून सावकाश खाली. शरीर मोकळं होईपर्यंत तात्पुरता उपाय म्हणून डाव्या पायाचा चवडा जरा बाहेर वळवून उभे राहा, डाव्या खुब्याला मागे जायला जागा मिळते.

वाकल्यावर किंवा वळताना कंबरेत कळ येत असेल, पायात मुंग्या उतरत असतील, तर सराव थांबवून आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा.

सेट दुसऱ्याकडून घेतलेला असेल तर क्लबची लांबीही एकदा दुकानात तपासून घ्या. आखूड क्लबने उंच माणूस कितीही ठरवलं तरी पाठीतून वाकणारच.

साधारण तीन आठवड्यांनी मोबाइल त्याच जागी, त्याच उंचीवर ठेवा. तेच सात नंबरचं आयर्न, चार-पाच बॉल. स्क्रीनवर चिकटपट्टी लावा आणि व्हिडिओ सरकवत क्लब कमरेपर्यंत खाली येतो तिथे थांबवा. माझ्या त्या दिवशीच्या व्हिडिओत चार बोटांची फट एका बोटावर आली होती. डावं बूड अजून पट्टीला लागलं नव्हतं, म्हणून मी भिंतीचा सराव आणखी महिनाभर चालू ठेवला.