एक्सेल मॅक्रोत लूप लिहिताना या चुका टाळा

बिघडलेला मॅक्रो, म्हणजे एक्सेलकडून कामं करून घेणारा छोटा प्रोग्रॅम, कुणी दाखवायला आणला की मी आधी त्यातला लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग, बघतो. बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडतं, आणि तेच ते असतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे वरून खाली जात ओळी डिलीट करणं. एका कार्यालयातला मॅक्रो रद्द झालेल्या नोंदी काढून महिन्याची बेरीज करायचा. तो चालवणाऱ्या बाईंना आधीच्या माणसाने सांगून ठेवलं होतं, "बटण तीनदा दाबा, मग सगळं जातं." एका महिन्यात तीनदा दाबूनही बेरीज जुळेना. पाचवी ओळ डिलीट झाली की सहावी वर सरकून पाचवी होते, पण काउंटर, म्हणजे लूप कितव्या ओळीवर आहे ते मोजणारा आकडा, पुढे सहावर जातो. सरकलेली ओळ तपासलीच जात नाही. रद्द नोंदी सुट्या सुट्या असल्या तर हे लक्षातही येत नाही, म्हणून लिहिणाऱ्याच्या चाचणीत सगळं बरोबर आलं असणार. लागोपाठ आल्या की एक जाते, एक राहते. त्या महिन्यात एकाच बिलाच्या आठ ओळी एकाखाली एक रद्द झाल्या होत्या. पहिल्यांदा बटण दाबल्यावर चार उरल्या, मग दोन, मग एक. त्या एका ओळीपायी आमची अख्खी संध्याकाळ गेली.

डिलीट करायचं असेल तर खालून वर या: फॉर आय = शेवटची ओळ टू २ स्टेप -१ (आय म्हणजे काउंटर). मी डिलीट हा शब्द लिहिण्याआधी स्टेप -१ लिहून मोकळा होतो. "तीनदा दाबा" सांगणाऱ्याचा मात्र मला मनापासून राग येतो. एकदा दाबून काम होत नाही हे दिसलं, तेव्हाच कारण शोधायला हवं होतं.

तसाच राग ऑन एरर रिझ्यूम नेक्स्टचा, म्हणजे एरर आली तरी न थांबता पुढे जा असं सांगणाऱ्या ओळीचा. नवशिके एरर आली की ही ओळ लूपच्या डोक्यावर ठेवतात आणि खूश होतात. दराच्या रकान्यात कुणी "नंतर कळवतो" असं लिहिलं असेल, तर आकडा ठेवायच्या व्हेरिएबलमध्ये ते बसत नाही. एरर गिळली जाते, व्हेरिएबलमध्ये आधीच्या ओळीचा दर तसाच राहतो आणि या ओळीलाही तोच लागतो. मॅक्रो शांतपणे चुकीचा हिशेब लिहितो. मी इझन्यूमेरिकने, म्हणजे सेलमध्ये आकडा आहे का ते सांगणाऱ्या फंक्शनने, तपासतो आणि न बसणारी सेल रंगवून ठेवतो. त्याला वेळ लागतो, लागू द्या.

डू व्हाइलमध्ये, म्हणजे अट खरी असेपर्यंत फिरणाऱ्या लूपमध्ये, काउंटर वाढवायचा राहिला की एक्सेल अडकतं. मी आय = आय + १ आणि लूप या ओळी आधी लिहितो, पोट नंतर भरतो. चालवण्याआधी फाइल सेव्ह करा. अडकलंच तर कंट्रोल आणि ब्रेक दाबून बघा.

काउंटरचा प्रकार इंटिजर ठेवू नका. तो ३२,७६७ च्या पुढे गेला की ओव्हरफ्लो होतो, आणि २००७ पासून शीटला १०,४८,५७६ ओळी आहेत. त्याऐवजी मोठे आकडे मावणारा लाँग प्रकार वापरा.

लूपच्या आत सिलेक्ट, म्हणजे सेल निवडायची आज्ञा, नको.

हजारो सेल एकेक करून वाचू नका. सेलची अख्खी रेंज एकदाच व्हेरियंटमध्ये, म्हणजे काहीही मावणाऱ्या व्हेरिएबलमध्ये, घ्या, काम उरका आणि एकदाच परत लिहा.

आणि १ ते १० चा फॉर लूप पूर्ण झाला की आय १० नसतो, ११ असतो. शेवटच्या ओळीचा क्रमांक हवा असेल तर तो लूपच्या आतच वेगळा जपून ठेवा.